सात महिने, अकरा फेऱ्या: बाळाची घडीची चटई आणि रात्रीची रेल्वे

डिसेंबरात बायकोची २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपली आणि आमच्या मुलीचं घर दोन गावांत वाटलं गेलं. पंधरा दिवस जळगावला आजीकडे, पंधरा दिवस पुण्यात आमच्याकडे. ने-आण बहुतेक वेळा मीच करतो, मनमाड-दौंडमार्गे, रात्रीच्या गाडीनं. तेव्हा ती सहा महिन्यांची होती, आता तेरा महिन्यांची आहे. या अकरा फेऱ्यांत सगळ्यात जास्त वापरलेली वस्तू म्हणजे लंगोट बदलायची घडीची चटई. ती घ्यावी की नाही, असं बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

घडी केली की वहीएवढी होते. एका बाजूला सुती कापड, दुसऱ्या बाजूला पाणी न झिरपणारा थर, ओल्या रुमालांच्या पाकिटासाठी एक कप्पा. ४८० रुपयांना मिळाली. पहिले तीन महिने काहीच तक्रार नव्हती. चौथ्या महिन्यात घडीच्या रेषेवर थर तडकला आणि ओल खाली उतरायला लागली. चूक माझी होती, मी ती दर वेळी कढत पाण्यात धूत होतो. थंड पाणी आणि सावलीत वाळवणं, एवढं पाळलं तर जास्त टिकेल. आईनं मग फुले मार्केटमधून मीटरभर मेणकापड आणून दिलं. आता खाली मेणकापड, वर चटई, त्यावर दुपटं. चटईपेक्षा मेणकापड पुसायला सोपं, हे मान्य करतो.

पण चटई कितीही चांगली असली तरी ती कुठं अंथरायची, हा प्रश्न राहतोच. जानेवारीतली एक रात्र सांगतो. चाळीसगाव मागे गेलं होतं, डब्यातले दिवे बंद. पोरीनं शी केली ती पार पाठीपर्यंत. तिला घेऊन स्वच्छतागृहात गेलो. आत सपाट अशी एकही जागा नाही. बेसिनचा काठ ओला आणि अरुंद, खालची फरशी ओली, गाडी रुळ बदलत हेलकावे खातेय. एका हातानं तिला छातीशी धरून दुसऱ्या हातानं पुसायचा प्रयत्न केला. तिचं डोकं दाराच्या कडीला लागता लागता राहिलं. त्यानंतर मी तिला आत कधी नेलं नाही.

तेव्हापासून सगळं खालच्या बर्थवर. पायाशी चटई अंथरायची, टॉर्च लावलेला मोबाइल तोंडात धरायचा. शेजारचा कुणी कुरकुरला तर मला त्याचा राग येत नाही, कारण समोर माणूस डबा उघडून जेवत असतो. एकदा पाचोऱ्याला चढलेल्या आजीबाईंनी स्वतःचं अंथरूण बाजूला सारलं. ‘आठे ठेव पोरले, मी धरस,’ म्हणाल्या आणि तिचे दोन्ही पाय धरून बसल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण लंगोट बदलणं शेजारी कोण बसलंय यावर अवलंबून राहू नये. पोर आठ महिन्यांची झाली, पालथी पडून रांगायला लागली, तेव्हा तर बर्थवर एकट्यानं बदलणं धोक्याचंच झालं. बर्थला कठडा नाही आणि चटईला पट्टा नाही.

मे महिन्यात हे जास्त जाणवलं. जळगाव-भुसावळच्या उन्हात ओला लंगोट अर्धा तास राहिला तरी जांघेत लाल चट्टे उठतात. स्टेशन येईपर्यंत थांबू, असं म्हणून चालत नाही. आणि थांबलो तरी एका मोठ्या स्टेशनवर बाळासाठीची खोली फक्त बायकांसाठी होती. तिथं आया दूध पाजतात, म्हणजे ते बरोबरच आहे. पण बाप पोरीला घेऊन कुठं जाणार? डब्यातल्या स्वच्छतागृहाला मात्र बाईचं-पुरुषाचं असा भेद नसतो. तिथं एक घडीची फळी बसवली तर आई, बाप, आजोबा सगळ्यांचीच सोय होते.

हे काही अवघड मागणं नाही. २०१६ च्या डिसेंबरात हमसफर गाडी सुरू झाली, तेव्हा सांगितलेल्या सोयींत लंगोट बदलायची सोयही होती. २०२२ च्या मे महिन्यात लखनऊ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडलेला छोटा बाळबर्थ बसवून पाहिला गेला. तो झोपण्यासाठी होता, तरी गाडीत बाळ असतं हे त्यात धरलं होतं. अमेरिकेत २०१६ सालीच कायदा करून केंद्र सरकारच्या इमारतींमधल्या लोकांसाठीच्या स्वच्छतागृहांत, पुरुषांच्याही, अशी सोय बंधनकारक केली. आपल्याकडे एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष, म्हणजे बाळाला दूध पाजायच्या खोल्या, आले. लांब पल्ल्याच्या गाडीत ही सोय मर्जीवर न सोडता नियमानंच हवी, प्रत्येक डब्यात, स्लीपर आणि जनरलमध्येसुद्धा. पाच वर्षांखालच्या मुलासाठी वेगळी जागा घेतली नाही तर तिकीट लागत नाही. म्हणजे ते आईबापाच्या मांडीवर किंवा त्यांच्याच बर्थवर, आणि तिथंच त्याचं सगळं. कमरेएवढ्या उंचीवर घडीची फळी, तिला पट्टा, पिशवीसाठी आकडा, शेजारी झाकणाची कचरापेटी. एवढंच.

कचरापेटीचं वेगळं सांगतो, कारण ते लोकांच्या लक्षात येत नाही. आता डब्यांखाली जैवशौचालयाच्या टाक्या असतात, त्यांतले जिवाणू मैला जिरवतात. डायपर आत गेला की तो जिरत नाही, तुंबतो, आणि ते शौचालय अख्ख्या डब्यासाठी बंद पडतं. मी वापरलेला डायपर कागदात गुंडाळून, पिशवीला गाठ मारून, पुण्यापर्यंत सोबत नेतो.

चटई घ्यायची असेल तर पट्टा असलेली बघा, माझ्या चटईला नाही आणि पोर चालायला लागल्यापासून तीच मोठी अडचण झालीय. पट्टा नसेल तर दुपट्याची घडी करून पोटावरून घ्या आणि बर्थच्या भिंतीकडच्या बाजूला बाळाचं डोकं ठेवा. खालचाच बर्थ मागा. येत्या शुक्रवारी बारावी फेरी आहे. या वेळी मेणकापड दोन मीटर घेतलंय.