टॅली की ईआरपीनेक्स्ट? सेटिंग बिघडते त्या दिवशीचा हिशेब

दालमिलवाले ओळखीचे हल्ली भेटले की विचारतात, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये टॅलीच ठेवू का ईआरपीनेक्स्टवर जाऊ? बिल दोन्हींत निघतं, जीएसटी दोन्हींत होतो, ते सोडा. खरी पारख सेटिंग बिघडल्यावर होते. आमच्या लातूरच्या मिलमध्ये आधी टॅली होती, आता ईआरपीनेक्स्ट आहे. डोकं धरून बसायची वेळ दोन्हीकडे आली.

आधी बरोबरीची गोष्ट. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबलवाल्या डाळीवर ५ टक्के जीएसटी लागला. ३० किलोच्या कट्ट्यावर नाही. आम्ही २५ च्या आयटमची नक्कल करून ३० चा केला आणि कर तसाच चिकटून आला. टॅलीत दर कंपनी, ग्रुप, आयटम, लेजर (खातं) असा कुठूनही येऊ शकतो. ईआरपीनेक्स्टमध्येही टॅक्स टेम्प्लेट (कराचा ठरलेला साचा) आयटमला बसतं, आयटम ग्रुपलाही बसतं. शोधाशोध सारखीच.

माझं मन फिरलं ते मायनस स्टॉकवरून, म्हणजे हिशेबात माल शून्याखाली जाण्यावरून. मोंढ्यातून तूर आज येते, आडत्याची पट्टी (खरेदीचं बिल) चार दिवसांनी. तोवर डाळ होऊन गाडीत चढलेली असते. टॅलीत व्हाउचरच्या (नोंदीच्या) एफ-१२ मध्ये, म्हणजे सेटिंगमध्ये, मायनस स्टॉकचा इशारा चालू ठेवता येतो. आमचा बंद होता, आणि मार्चअखेरीला तूरडाळ ऐंशी क्विंटल उणे निघाली. एरर आलाच नव्हता, मग शोधणार काय? चूक टॅलीची नव्हे, आमच्याच घरातली. टॅलीचा एडिट लॉग व्हाउचर आणि मास्टरमधल्या (आयटम, खाती यांच्या मूळ नोंदींतल्या) बदलांचा माग ठेवतो, पण हा इशारा कोणी, कधी बंद केला ते मला तरी तिथे गवसलं नाही. आठवडाभर मी सगळ्यांकडे संशयाने बघत होतो. शेवटी चहा पिता पिता मुनीमकाकाच म्हणाले, "मीच बंद केलं की वो, भैय्या. दरवेळी मधी मधी येत होतं."

ईआरपीनेक्स्टमध्ये 'अलाउ निगेटिव्ह स्टॉक' बंद असेल तर डिलिव्हरी नोट (माल पाठवायची चिठ्ठी) सबमिटच होत नाही. कोणत्या गोदामात कोणता माल किती कमी पडतोय ते सांगून अडवते. पहिल्या महिन्यात ट्रक दारात, ड्रायव्हर हॉर्नवर, आणि हमालांपासून घरच्यांपर्यंत सगळ्यांच्या शिव्या मला. मग एका सकाळी डिलिव्हरी नोट्स भराभर निघायला लागल्या. तिथेच शंका आली. स्टॉक सेटिंग्जचं पान उघडून तळाशी गेलो: जुनी किंमत, नवी किंमत, तारीख, वेळ, नाव. नाव माझंच! वेळ रात्री पावणेनऊची, तेव्हा मी उदगीरला लग्नात जेवत होतो. माझा पासवर्ड काउंटरवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहिलेला होता. पाच मिनिटांत उलगडा.

(१ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना ऑडिट ट्रेल, म्हणजे हिशेबातल्या प्रत्येक बदलाची नोंद, सक्तीचा झाला. आमच्या भागीदारी फर्मला तो नियम लागू नाही, पण गरज आम्हालाच जास्त होती म्हणायची.)

आता दुसरी बाजू. टॅली अडली तर गंजगोलाईकडून (लातूरच्या बाजारपेठेतून) जाणता पोरगा अर्ध्या तासात येतो. ईआरपीनेक्स्टमध्ये 'बेंच' (ते बसवायचं, अपडेट करायचं साधन) जाणणारा माणूस आधी धरून ठेवावा लागतो, आणि स्वतःच्या सर्व्हरवर अपडेट मारायचा तर बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नये. एरर लॉगमधली (चुकांच्या नोंदीतली) ती लांबलचक इंग्रजी रामकहाणी पाहून घाबरायला होतं. सगळ्यात खालची ओळ आधी वाचा, बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं. आणि आमचं ईआरपीनेक्स्ट क्लाउडवर असल्यामुळे नेट गेलं की आम्ही बसून राहतो, शेजारची टॅली चालूच असते.

एकच कॉम्प्युटर, एकच माणूस असेल तर टॅली सोडायचं कारण मला तरी दिसत नाही. सेटिंगला तीन-चार जणांचे हात लागत असतील तर मात्र मी ईआरपीनेक्स्टकडेच बोट दाखवीन. आमच्याकडे टॅली अजून एका मशीनवर आहे, जुनी वर्षं बघायला. मुनीमकाकांना आता वेगळं लॉगिन दिलंय. त्यात स्टॉक सेटिंग्ज दिसतच नाही.