पावसाळाभर वापरलेले बोर्डो मिश्रण: मोरचूद आणि चुन्याचा अनुभव

खरड छाटणीनंतरच्या (उन्हाळ्यातील छाटणी) पहिल्या पावसापासून गोडी बार छाटणीच्या (पावसाळ्यानंतरची, फळांसाठीची छाटणी) तोंडापर्यंत आमच्या द्राक्षबागेत घरी तयार केलेले बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट), चुना आणि पाण्याचे बुरशीनाशक, वापरले. केवडा या बुरशीजन्य रोगासाठी ते उत्तम ठरले. भुरी या दुसऱ्या बुरशीजन्य रोगासाठी मात्र त्यावर विसंबू नये. 1885 च्या सुमारास वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्डे यांनी फ्रान्समध्ये केवड्यासाठीच हे मिश्रण पुढे आणले. ते रोग येण्याआधी फवारायचे असते. पानाच्या आत शिरलेल्या बुरशीला ते पोहोचत नाही.

एक टक्क्यासाठी 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 100 लिटर पाणी लागते. कोवळ्या फुटीवर निम्मेच प्रमाण घेतले. खरी मेख चुन्यात आहे. हवेत पडून भुकटी झालेला चुना मोरचुदाची आम्लता पुरती मारत नाही आणि मग मोकळे तांबे पाने करपवते. म्हणून प्रत्येक वेळी घासून लख्ख केलेला विळा मिश्रणात थोडा वेळ धरला. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुन्याची निवळी आणखी घालायची. दुकानदार आम्लता दाखवणारा सामू-कागद (pH पेपर) घ्यायला सांगतात, तोही घ्यावा, पण विळा खोटे बोलत नाही. मिश्रण प्लास्टिकच्या पिंपातच करावे, कारण लोखंडी भांड्याला तांबे खाऊन टाकते, आणि त्याच दिवशी संपवावे, कारण शिळे मिश्रण पानाला नीट चिकटत नाही.

धोक्यांबाबत आपल्याकडे फारच बेफिकिरी आहे. कळीचा चुना विरताना उकळतो आणि उडतो. त्याचा शिंतोडा डोळ्याला कायमची इजा करू शकतो. मोरचूदही डोळ्यांना घातक आहे आणि पोटात गेल्यास उलट्या होऊन यकृत व मूत्रपिंडांपर्यंत इजा पोहोचते, त्यामुळे त्याचे निळे खडे पोरांच्या हाती लागणार नाहीत असे कुलपात ठेवावेत. वर्षानुवर्षे हेच फवारणाऱ्या पोर्तुगालमधील मजुरांच्या फुप्फुसांत तांब्याने झालेला आजार 1969 मध्ये नोंदला गेला. गमछा बांधून फवारणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे. पंप धुतलेले पाणी शेततळ्यात सोडू नये, तांबे माशांना फार विषारी असते.

मणी धरल्यावर मी ते वापरत नाही, कारण निळसर डाग पडलेला घड निर्यातीला चालत नाही. शिवाय तांबे जमिनीत विघटन न होता साचत राहते. युरोपीय संघाने 2019 पासून सात वर्षांत हेक्टरी 28 किलो तांब्याची मर्यादा घातली आहे. एका फवारणीत किती तांबे जाते याचा हिशेब सोपा आहे, कारण मोरचुदात तांबे साधारण चौथा हिस्सा असते, आणि तो हिशेब पुढच्या हंगामापासून वहीत मांडणार आहे.