आई-वडिलांचा जर्मनीचा व्हिसा: आर्थिक हमीच्या कागदपत्रांसाठी घेतलेल्या सल्लासेवेचे परीक्षण

आई-वडिलांच्या शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे जर्मनीसह युरोपातील बऱ्याच देशांत अल्प मुक्कामासाठी चालणाऱ्या व्हिसासाठी, आम्ही पुण्यातील एका व्हिसा सल्लागार संस्थेची सेवा घेतली. मी श्टुटगार्टजवळच्या एका छोट्या शहरात ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या निवास परवान्यावर, नोकरी करते. आई-वडील सातारा जिल्ह्यात असतात, वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक आहेत आणि थोडी शेतीही आहे. अर्ज भरणे, अपॉइंटमेंट घेणे, कव्हर लेटर (प्रवासाचा उद्देश आणि खर्च सांगणारे अर्जासोबतचे पत्र), भाषांतरे, प्रवास विमा आणि ‘स्पॉन्सरशिपचे सगळे कागद’ असे एकत्रित पॅकेज या संस्थेने दिले होते. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण येथे ज्या गोष्टी मला खटकल्या त्या माझ्या ओळखीच्या बऱ्याच मराठी कुटुंबांनी इतर एजंटांकडेही अनुभवल्या आहेत. अशा सेवेकडून काय घ्यावे आणि काय स्वतः करावे, हे ठरवताना या परीक्षणाचा उपयोग व्हावा, एवढीच इच्छा आहे.

आधी जे चांगले झाले ते सांगते. सातबारा आणि आठ-अ उतारे मराठीत असतात आणि व्हिसा अधिकाऱ्याला ते वाचता येत नाहीत, म्हणून त्यांचे इंग्रजी भाषांतर हवे असते. ते या संस्थेने नेटके करून दिले. गट क्रमांक, क्षेत्र आणि खातेदाराचे नाव यांत एकही चूक नव्हती. माझ्या जन्मदाखल्यावर आईचे नाव एका पद्धतीने आणि तिच्या पासपोर्टवर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले होते. ही तफावत त्यांनी स्वतःहून हेरली, आणि माझ्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावे छापलेली असल्याने नात्याचा पुरावा म्हणून त्याच पानाची प्रत पुढे ठेवावी, असे सुचवले. वडिलांचा पेन्शन आदेश, बँक पासबुक आणि आयकर विवरणपत्रे यांचा क्रमही त्यांनी समजून लावला. वडिलांना फोनवर प्रत्येक गोष्ट मराठीत, न कंटाळता आणि आदराने समजावून सांगणारी माणसे तेथे आहेत. दूर देशात बसून आई-वडिलांची कागदपत्रे गोळा करणाऱ्या मुलीला ही गोष्ट किती मोलाची असते, हे मी वेगळे सांगायला नको.

प्रश्न आला तो आर्थिक हमीचा, आणि पॅकेजमध्ये त्यासाठीच सर्वांत जास्त पैसे लावलेले होते.

जर्मनीच्या बाबतीत आर्थिक हमी ही यजमानाने साध्या कागदावर लिहिलेली चिठ्ठी नसते. ‘फेअरप्फ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग’ नावाचे अधिकृत हमीपत्र यजमानाला आपल्या राहत्या शहराच्या आउसलेंडरबेहोर्डेमध्ये, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, स्वतः हजर राहून अधिकाऱ्यासमोर सही करून घ्यावे लागते. त्याचे शुल्क २९ युरो आहे. या हमीपत्राला जर्मन निवास कायद्याच्या ६६ ते ६८ या कलमांचा आधार आहे. त्यांतील ६८ वे कलम सांगते, की पाहुण्याच्या राहण्याखाण्यासाठी, घरासाठी, आजारपणात उपचारांसाठी आणि परावलंबित्व आल्यास देखभालीसाठी सरकारी तिजोरीतून जो पैसा खर्च होईल, तो सही करणाऱ्याने परत करायचा असतो, आणि हे दायित्व पाहुण्याच्या प्रवेशापासून पाच वर्षांपर्यंत धरता येते. ही रक्कम सरकार सही करणाऱ्याकडून थेट वसूल करू शकते.

या गोष्टीबद्दल संस्थेच्या प्रतिनिधीने मला एवढेच सांगितले, की ‘मॅडम, ही फक्त फॉर्मॅलिटी आहे, सही करून पाठवून द्या’. माझा मुख्य आक्षेप हाच आहे. पैसे घेऊन स्पॉन्सरशिपचे कागद तयार करून देणाऱ्या सेवेने सही करणाऱ्याला ती कशाची सही आहे हे सांगितले नाही, तर बाकीची फाइल कितीही सुबक असली तरी सेवेचा गाभाच राहून जातो. आपल्याकडे आई-वडिलांसाठी हमी राहताना कोणी अटी वाचत बसत नाही, आणि वाचायला सांगणेही अनेकांना अवघड वाटते. म्हणूनच त्रयस्थ सल्लागाराने ते सांगणे अधिक गरजेचे आहे. आमच्या शहरातील कार्यालयात मात्र बाईंनी सही घेण्यापूर्वी प्रत्येक कलम सावकाश वाचून दाखवले, विमा कोणता घेणार आहात हे विचारले, आणि पाहुणे परत गेल्याचा पुरावा म्हणून बोर्डिंग पास जपून ठेवा, असा सल्लाही दिला. तो सल्ला २९ युरोंच्या सरकारी शुल्कात मिळाला.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की हे हमीपत्र प्रत्येकाला लागतेच असे नाही. पाहुण्यांकडे प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च भागवण्याइतके स्वतःचे उत्पन्न आणि बचत असेल, तर ते स्वतःच्या जोरावर अर्ज करू शकतात; यजमानाचे साधे निमंत्रणपत्र आणि राहण्याचा पत्ता जोडला की पुरते. निवृत्तिवेतन नियमित येणाऱ्या, मुदतठेवी असणाऱ्या पालकांच्या बाबतीत हा पर्याय निदान समोर ठेवायला हवा होता. संस्थेने मात्र हमीपत्र अनिवार्य असल्याचे पहिल्याच बैठकीत सांगून टाकले. आम्ही शेवटी हमीपत्राचाच मार्ग निवडला, कारण वडिलांच्या ठेवींना हात लावायचा नाही असे माझे आणि माझ्या पतीचे ठरलेले होते. परंतु तो निर्णय पर्याय माहीत असताना घेतलेला असावा, हे प्रत्येक कुटुंबाला मिळायला हवे.

ज्यांना हमीपत्र घ्यायचे आहे त्यांच्यासाठी काही तपशील नोंदवते, कारण संस्थेने दिलेली यादी येथे अपुरी होती. कार्यालयात आपला पासपोर्ट आणि निवास परवाना, बहुतेक ठिकाणी मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, नोकरीचा करार आणि घराचा भाडेकरार लागतो. पाहुण्यांचे नाव, जन्मतारीख, जन्मगाव, पत्ता आणि पासपोर्ट क्रमांक पासपोर्टवर आहेत अगदी तसेच द्यावे लागतात. भाडेकरारावर घराचे क्षेत्रफळ असेल तर बरे, कारण पाहुण्यांना पुरेशी जागा आहे का हेही पाहिले जाते. उत्पन्न पुरेसे आहे की नाही हे ठरवताना अनेक कार्यालये कर्जवसुलीसाठीही जप्त करता येत नाही अशा पगाराच्या मर्यादेचा तक्ता वापरतात. ही मर्यादा दरवर्षी १ जुलैला बदलते आणि आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसांच्या संख्येनुसार वाढते. त्यामुळे पत्नी किंवा पती कमावता नसेल आणि घरात मुले असतील, तर एकट्या माणसाला पुरणारा पगार त्या कुटुंबाला पुरत नाही. अपॉइंटमेंट मागण्याआधी ही बेरीज करून घ्यावी.

हमीपत्रावर अधिकाऱ्याने आर्थिक क्षमता सिद्ध झाल्याची नोंद केली आहे का, हे तेथेच पाहावे. दूतावासाच्या दृष्टीने खरे वजन त्या नोंदीला असते. ती असेल तर मुलाच्या किंवा मुलीच्या पगाराचे आणि बँकेचे कागद फाइलीत पुन्हा घालण्याची फारशी गरज उरत नाही. असे असूनही संस्थेने माझ्या सहा महिन्यांच्या पगारपावत्या, जर्मन बँकेचे विवरण आणि कर निर्धारणपत्र व्हॉट्सॲपवर मागितले, शिवाय मुद्रांक कागदावर नोटरी केलेले खर्चाचे प्रतिज्ञापत्रही तयार करायला घेतले. असे प्रतिज्ञापत्र इतर काही देशांच्या अर्जांसोबत जोडण्याची आपल्याकडे सवय आहे. जर्मन कार्यालयाचे अधिकृत हमीपत्र हाती असताना त्याने काहीच भर पडत नाही. मी ते नाकारले, आणि पगाराचे कागदही पाठवले नाहीत. आपल्या उत्पन्नाचा संपूर्ण तपशील एखाद्या कार्यालयातील चार-पाच जणांच्या फोनवर पडून राहणे मला मान्य नाही.

मूळ हमीपत्र कुरिअरने भारतात पाठवावे लागते, कारण अर्जासोबत मूळ प्रत दाखवायची असते आणि प्रवासात तीच जवळ ठेवायची असते. येथे संस्थेने केलेली सूचना योग्य होती. ईमेलवरची प्रत चालेल, असे मला एका ओळखीच्यांनी सांगितले होते, पण संस्थेने मूळ पत्राचाच आग्रह धरला आणि सोबत छायाप्रत तयार ठेवायला सांगितली.

विम्याबाबत मला अधिक कठोरपणे लिहावे लागेल. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण सर्व शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या पूर्ण काळासाठी असावे, मायदेशी परत आणण्याचा खर्चही त्यात असावा, असा नियम आहे. संस्थेने दिलेली पॉलिसी या नियमात बसत होती. परंतु आईला मधुमेह आणि रक्तदाब आहे, आणि त्या पॉलिसीत आधीपासून असलेल्या आजारांचा खर्च वगळलेला होता. व्हिसा मिळण्यासाठी ती पुरेशी होती, आमच्यासाठी नव्हती. जर्मन रुग्णालयातील काही दिवसांच्या उपचारांचे बिल विमा कंपनीने नाकारले आणि ते सरकारी पैशातून भरले गेले, तर हमीपत्रामुळे ती रक्कम शेवटी माझ्याकडे मागितली जाईल. हमीपत्र आणि विमा हे दोन कागद असे एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि जी संस्था दोन्ही एकाच पॅकेजमध्ये विकते तिने हा संबंध दाखवायलाच हवा होता. मी ती पॉलिसी परत केली आणि आधीच्या आजारांमुळे अचानक उद्भवणाऱ्या तातडीच्या उपचारांनाही संरक्षण देणारी, अधिक महाग पॉलिसी वेगळी घेतली. वयस्कर पालकांच्या मुलांनी पॉलिसीतील ‘वगळलेल्या बाबी’ हे पान सर्वांत आधी वाचावे.

कव्हर लेटर तयार मसुद्यातून आले होते, हे पहिल्या वाचनातच कळले. त्यात वडील सगळा खर्च स्वतः करणार असल्याचे लिहिले होते, आणि मागच्याच पानावर सगळा खर्च मुलगी करणार असे सांगणारे हमीपत्र होते. अर्ज तपासणाऱ्या माणसाने यातले काय खरे मानायचे? मी ते पत्र पुन्हा लिहिले: विमानाचे तिकीट वडील काढतील, राहण्याचा, खाण्याचा आणि येथील प्रवासाचा खर्च माझ्याकडे राहील, घराचा पत्ता हा, परतीची तारीख ही, आणि परत जाण्याचे कारण म्हणजे पेन्शन, शेती, आजी आणि धाकट्या भावाचे कुटुंब. वडिलांच्या खात्यावर अर्जाआधी काही लाख रुपये ‘दाखवण्यासाठी’ फिरवून आणण्याचा सल्लाही दबक्या आवाजात दिला गेला. तो अत्यंत चुकीचा आहे. अचानक आलेली मोठी रक्कम बँक विवरणात लगेच नजरेत भरते आणि तिचा उगम सांगता आला नाही तर सच्च्या अर्जावरही शंका येते; शिवाय ज्या शिक्षकाने आयुष्यभर सरळ हिशेब ठेवला, त्याच्या नावाने असे कागद जाणे मला पटणारे नव्हते.

या सगळ्याला आता अधिक महत्त्व आले आहे, कारण व्हिसा नाकारल्यास जर्मन दूतावासाकडे फेरविचाराचा अर्ज करण्याची जी सोय होती ती १ जुलै २०२५ पासून बंद झाली आहे. नकार आला तर नव्याने अर्ज करणे किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जाणे, हेच मार्ग उरतात. प्रौढ व्यक्तीचे व्हिसा शुल्क ११ जून २०२४ पासून ९० युरो झाले आहे, आणि ते नकारानंतर परत मिळत नाही. तेव्हा पहिलीच फाइल नीट असायला हवी. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयासाठी साधारणपणे १५ दिवस धरलेले असले तरी अधिक तपासणीची गरज पडल्यास ४५ दिवसांपर्यंत मुदत वाढू शकते. हमीपत्र मात्र फार आधी काढून ठेवू नये, कारण जुने हमीपत्र दूतावास स्वीकारत नाही. आमच्या कार्यालयाने सहा महिन्यांच्या आत वापरा असे सांगितले.

पुण्यातील अर्ज केंद्रात कागद स्वीकारणे आणि बोटांचे ठसे घेणे एवढेच होते, निर्णय दूतावासाकडे असतो. ‘आमची तेथे ओळख आहे’ असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. आई-वडिलांना व्हिसा मिळाला आणि ते येऊन, राहून, वेळेत परत गेले.

संस्थेची फी दोघांच्या दूतावास शुल्काच्या जवळपास निम्मी होती. भाषांतर, कागदांची जुळणी आणि आई-वडिलांशी बोलण्याची पद्धत यांसाठी ती मला योग्य वाटली; हमीपत्र, विमा आणि कव्हर लेटर यांसाठी घेतलेले पैसे वाया गेले. त्यांना मी हे सविस्तर लेखी कळवले आहे आणि हमीपत्रातील दायित्वाची एक पानाची मराठी माहिती प्रत्येक ग्राहकाला सहीपूर्वी द्यावी, अशी विनंतीही केली आहे. पुढच्या उन्हाळ्यात सासूबाई येणार आहेत. त्यांच्या उताऱ्यांची भाषांतरे मी याच संस्थेकडे देईन, आणि बाकीची फाइल घरीच लावेन.