ध्रुवीय गमबूट: पकड झकास, सोल मात्र डोकेदुखी

गुडघ्यापर्यंतचे, आत निओप्रीन (उबेसाठी फोमसारखं मऊ रबर) आणि बाहेर रबर असलेले बूट. बाकी माहिती खोक्यावर असतेच. काही महिन्यांच्या वापरानंतर डाव्या बुटाचं रबर घोट्याच्या घडीवर निओप्रीनपासून सुटलं. कंपनीचं उत्तर आलं, 'रसायनाचा संपर्क झालेला दिसतो, वॉरंटीत बसत नाही.' अहो, अंटार्क्टिकासाठी म्हणून विकता ना? तिथे किनाऱ्यावर उतरण्याआधी आणि जहाजावर परतल्यावर बूट निर्जंतुक करावेच लागतात. मग रसायन नाही लागणार तर काय अत्तर लागणार?

ते भांडण बाजूला ठेवतो, कारण खरी तक्रार सोलची आहे. टाचेखाली बारीक, खोल खाचा दिल्यात. त्यात खडा अडकला की ब्रशचे केस पोचत नाहीत. पेंग्विनची विष्ठा खाचेत वाळली की सिमेंट. वाकवलेल्या पेपरक्लिपने एकेक खाच खरवडत बसायचं.

एवढं कशाला? बर्ड फ्लूमुळे. ऑक्टोबर 2023 मध्ये अंटार्क्टिकाच्या वाटेवरच्या साउथ जॉर्जिया बेटावर आणि फेब्रुवारी 2024 मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर त्याचा विषाणू, एच5एन1, सापडला. आता किनाऱ्यावर बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, बॅग खाली ठेवायची नाही. म्हणजे जमिनीला लागतो तो फक्त बूट. पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहाल हो, पण त्यांच्या विष्ठेतून चालणं काही टळत नाही.

जहाजांवर साधारणपणे व्हर्कॉन या जंतुनाशकाचं एक टक्का द्रावण असतं: लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम पावडर. सोलवर घाण असेल तर द्रावणाचा जोर ती घाणच खाऊन टाकते, जंतूंपर्यंत काही उरत नाही. म्हणून आधी ब्रश आणि पाणी, मग खरवडणं, मग द्रावण. गुलाबी रंग फिका पडला की द्रावण बदला. घाणेरडा बूट नुसता बुडवून काढणं म्हणजे निव्वळ देखावा.

बियांचंही तेच. 2007-08 च्या उन्हाळ्यात अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांचे कपडे आणि सामान तपासलं, तेव्हा ज्यांच्याकडे बिया निघाल्या त्यांच्याकडे माणशी सरासरी साडेनऊ होत्या. किंग जॉर्ज बेटावरच्या पोलिश तळाजवळ 1985-86 मध्ये पोआ अॅन्युआ हे परकं गवत दिसलं आणि ते तिथे पसरलं. या बुटांच्या वरच्या कडेला कापडी अस्तर आहे, त्यात कुसळं पक्की अडकतात. चिमट्याने काढा. पँटच्या व्हेल्क्रोलाही तोच न्याय.

सुरुवातीला या बारीक खाचांचं कौतुक केलं होतं, कारण झोडियाकच्या (किनाऱ्यावर नेणाऱ्या हवा भरलेल्या रबरी बोटीच्या) ओल्या तळावर पाय खरंच सरकत नाही. आता मत बदललंय. किनाऱ्यावर गोटे आणि दाबलेला बर्फ, तिथे रुंद आणि उथळ खाचाही पुरतात आणि त्या ब्रशने झटपट साफ होतात. झोडियाकमध्ये दोरी धरून बसायचंच असतं. उबेबद्दल मात्र तक्रार नाही, फक्त एक नंबर मोठा घ्या. जाड मोज्यांवर घट्ट बूट चढवला की रक्त नीट खेळत नाही आणि बोटं गारठतात.

फाटला तरी नवा जोड घेऊ नका. दोन्ही पृष्ठभाग पॉलिशपेपरने घासा, निओप्रीनच्या गोंदाचे दोन पातळ थर द्या, बोटाला चिकटेनासा झाला की दाबून जोडा आणि 24 तास हात लावू नका. द्रावण आम्लधर्मी असतं, म्हणून सफर संपल्यावर बूट गोड्या पाण्याने धुवा. हीटरवर वाळवू नका, घडी घालून कोंबू नका. जोड सुटतात ते बहुतेक त्या घडीवरच.

पाचपैकी अडीच, तेही उबेसाठी. एकाच सफरीला जाणार असाल तर विकत घेऊच नका, बहुतेक मोहीम-जहाजं बूट वापरायला देतात. घेताना बूट उलटा करा. खाचेत ब्रशचे केस तळापर्यंत पोचत नसतील तर दुसरा जोड मागा.