लसूण-मोहरीचा उग्रपणा तपासायचा तर जीसी-एमएस की एचपीएलसी?

वास येतो म्हणजे संयुग हवेत उडतं, मग ते वायुरूपातच पकडावं, या विचाराने बहुतेकजण आधी जीसी-एमएसकडे (नमुना तापवून वायुरूपात घटक वेगळे करणारं आणि त्यांच्या वस्तुमानावरून ते ओळखणारं यंत्र) वळतात. त्यात वावगं काही नाही. मोहरी ठेचल्यावर निघणारं अलाइल आयसोथायोसायनेट, पपईच्या बियांतलं बेंझिल आयसोथायोसायनेट, हिंगातली डायसल्फाइडं जीसीवर सहसा त्रास देत नाहीत. अनोळखी बी हाती आलं तर स्पेक्ट्रम-लायब्ररीचा, म्हणजे ओळखीच्या संयुगांच्या साठवलेल्या नोंदींचा, आधार मोठाच. एचपीएलसी घटक द्रवातच वेगळे करते; नुसता यूव्ही (अतिनील प्रकाशाचा) डिटेक्टर असेल तर तिच्यावर मात्र शुद्ध प्रमाणित नमुना जवळ नसताना पीकला, म्हणजे आलेखावरच्या शिखराला, नाव देणं अवघड.

माझं मन जीसीवरून उडालं ते लसणामुळे. पाकळी ठेचली की अलिनेज या विकरामुळे त्यातल्या अलिइनचं उग्र अलिसिन होतं. कॅव्हलिटो आणि बेली यांनी १९४४ मध्ये वेगळं केलेलं हे संयुग उष्णतेपुढे टिकत नाही. जीसीचा इंजेक्टर, म्हणजे नमुना आत सोडण्याचा भाग, बहुधा २०० अंशांच्या वर असतो. अलिसिन तिथेच मोडतं आणि व्हिनाइल-डायथिनांची सुबक पीक्स उमटतात. लायब्ररी ती बिनचूक ओळखते, पण ताज्या लसणात ती नव्हतीच, ती इंजेक्टरने तयार केली! तोच अर्क मी एचपीएलसीवर चालवला तेव्हा अलिसिन जसंच्या तसं दिसलं. ब्रोकोलीच्या बियांतून मिळणाऱ्या सल्फोराफेनचीही गरम इंजेक्टरमध्ये अशीच मोडतोड होते. इंजेक्टर थंड ठेवून, पद्धत बदलून हे बरंच टाळता येतं, हे मान्य. तरी नवी वनस्पती घेतली की यातलं खरं पीक कोणतं, ही शंका माझी पाठ सोडत नाही.

बियांच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. अख्ख्या मोहरीत तो झणझणीतपणा नसतो, असतं सिनिग्रिन. ठेचून ओलावा लागला की मायरोसिनेज हे बीतलंच विकर त्यातून आयसोथायोसायनेट मोकळं करतं. सिनिग्रिन उडत नाही, त्यामुळे जीसीला ते थेट दिसत नाही. एचपीएलसीसाठी गरम मिथेनॉलने आधी मायरोसिनेज निकामी करायचं, मग सल्फेटेज हे विकर वापरून सिनिग्रिनचा सल्फेट गट काढायचा आणि २२९ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात मोजायचं. काम वेळखाऊ आहे खरं, पण बीमध्ये मुळात काय होतं ते कळतं.

फक्त हिंग किंवा पपईच्या बिया तपासायच्या असतील तर जीसी खुशाल घ्या. लसूण, कांदा, ब्रोकोली यादीत असेल आणि यंत्र एकच घेता येणार असेल, तर मी एचपीएलसीच घेईन, जमल्यास मास डिटेक्टरसह.