शाळा-रुग्णालयांचं स्ट्रक्चरल ऑडिट: सेवा कामाची, पण अर्धी

मुंबई, ठाणे, पुण्यात मिळणाऱ्या स्ट्रक्चरल ऑडिटचा भर काँक्रीट किती खराब झालं आणि सळया किती गंजल्या, यावर असतो. तेवढं काम बरं होतं. पण भूकंपात इमारत टिकेल का, याचं उत्तर बहुतेक अहवालांत नसतं. ‘इमारत सुस्थितीत’ असं वाचून मुख्याध्यापक मात्र निर्धास्त होतात.

आधी चाचण्या. नुसत्या रिबाउंड हॅमरवर (पृष्ठभागावर ठोकून उसळीवरून ताकदीचा अंदाज देणारं उपकरण) उरकलेला अहवाल घेऊच नका. कार्बोनेशनमुळे, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरल्याने, जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कडक होतो आणि हॅमर ताकद जास्त दाखवतो. ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलणारं रसायन फवारलं की खरं कळतं: गुलाबी झालं तिथली, सळईला गंजापासून वाचवणारी क्षारता शाबूत, बिनरंगी राहिलं तिथली गेली. हा बिनरंगी थर सळईपर्यंत पोचला असेल, तर तिचं संरक्षण संपलं. कोअर, म्हणजे ताकद तपासायला ड्रिलने कापलेले काँक्रीटचे गोल तुकडे, किमान 3 काढावेत, तेही कव्हरमीटर या उपकरणाने आतल्या सळया शोधून. नाहीतर सळईच कापली जाते. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे कोअरची सरासरी ताकद ठरलेल्या ताकदीच्या 85 टक्के हवी आणि एकही 75 टक्क्यांखाली नको.

खरी उणीव पुढे आहे. आयएस 1893 या भूकंपरोधक डिझाइनच्या मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत शाळा-रुग्णालयांचा महत्त्व गुणांक 1.5 आहे, म्हणजे साध्या घराच्या दीडपट भूकंपबल धरायचं. वर्क ऑर्डरमध्ये ‘आयएस 15988 नुसार भूकंपीय मूल्यमापन’ (जुन्या आरसीसी इमारती तपासण्याचं मानक) लिहिलेलं नसेल, तर हे गणित कुणी मांडत नाही. शाळेत तर हमखास दिसणारा दोष असा: खिडकीखालची अर्धी भिंत कॉलमला घट्ट चिकटवलेली. कॉलमची मोकळी उंची कमी होते, तो ताठर बनतो, शेजारच्या कॉलमपेक्षा जास्त जोर ओढून घेतो आणि तिरका तडकतो. भिंत आणि कॉलम यांत फट सोडून ती दबणाऱ्या फोमने भरणं हा त्यावरचा साधा उपाय, पण तोही डिझाइन तपासूनच. सुटी झालेली भिंत आडवी पडू नये म्हणून तिला वेगळा आधार लागतो.

रुग्णालयात सांगाडा उभा राहिला तरी काम बंद पडू शकतं. ऑक्सिजन सिलिंडर वर आणि खाली अशा दोन साखळ्यांनी बांधलेले आहेत का, गच्चीवरच्या टाक्या आणि जनरेटरच्या बॅटऱ्या जखडलेल्या आहेत का, हे नेहमीच्या ऑडिटमध्ये बघत नाहीत. विजेचं पॅनेल तळघरात असेल तर पूररेषेचा मुद्दाही लिहून घ्या. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पाऊस पडला होता.

दर मागवताना काँक्रीटच्या चाचण्या, भूकंपीय मूल्यमापन आणि सामान जखडण्याची तपासणी या तिन्ही बाबी वेगवेगळ्या ओळींत मागा. ‘सगळं त्यात आलं’ म्हणणाऱ्याकडून मागच्या कामाचा गणितासह अहवाल बघायला घ्या.