खानापूर रोडलगतच्या घरातील ध्वनिरोधक खिडक्या

बेळगावच्या टिळकवाडीत खानापूर रोडच्या बाजूला असलेल्या आमच्या घराच्या दोन खोल्यांना पावसाळा संपल्यावर ध्वनिरोधक खिडक्या बसवून घेतल्या. उसाचा गळीत हंगाम सरेपर्यंत मत देणे योग्य वाटले नाही, कारण रात्री उशिरापर्यंत कर्णे लावून धावणारे ट्रॅक्टर हीच या भागात अशा खिडकीची खरी कसोटी आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, मात्र रस्त्याकडेच्या घरात झोप हवी असेल तर उपाय घरातच करावा लागतो.

समोरच्या खोलीत जुनी सागवानी खिडकी काढून यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) सरकत्या चौकटीत ६ मिलिमीटरच्या दोन काचा, मध्ये १२ मिलिमीटर हवा, असा प्रकार बसवला. आईवडिलांच्या खोलीत जुनी खिडकी तशीच ठेवून आतून सुमारे १०० मिलिमीटर अंतरावर रबरी गॅस्केटवर घट्ट मिटणारी दुसरी खिडकी घेतली. पहिली दिसायला देखणी आणि महाग. तरीही हॉर्न, दुचाक्या आणि ट्रॅक्टरची घरघर या तिन्ही बाबतींत दुसरी निःसंशय सरस ठरली.

याचे कारण ध्वनिशास्त्रात आहे. दोन काचा आणि त्यांमधली हवा मिळून स्प्रिंगने जोडलेल्या दोन वजनांसारख्या कंप पावतात. पहिल्या रचनेत हा अनुनाद, म्हणजे ठरावीक स्वराला कंप एकदम वाढण्याची जागा, साधारण २०० हर्ट्झच्या आसपास येतो, त्यामुळे डिझेल इंजिनाच्या घरघरीचा बराच भाग जिथे असतो तिथेच खिडकी दुबळी पडते. अंतर १०० मिलिमीटर केले की तो अनुनाद १०० हर्ट्झच्या खाली सरकतो. शिवाय ६ मिलिमीटरच्या काचेची रोधक्षमता २००० हर्ट्झच्या सुमारास घसरते आणि दोन्ही काचा सारख्याच जाडीच्या असल्याने दोघींची उणीव एकाच जागी येते. एक काच वेगळ्या जाडीची किंवा लॅमिनेटेड (मध्ये प्लास्टिकचा पातळ थर असलेली) घेतली असती तर हे टळले असते. कर्ण्यांवरील गाण्यांचा अगदी खालचा ठोका मात्र दोन्ही खोल्यांत अजूनही जाणवतो, आणि तो कोणत्याही काचेने पूर्ण थांबेल असे मला वाटत नाही.

बसवणाऱ्यांच्या कामाविषयी समाधान नाही. चौकट आणि भिंत यांमधली फट त्यांनी खालच्या बाजूने तशीच सोडली होती आणि ती बुजवण्यासाठी अनेकदा फोन करावे लागले. ही किरकोळ बाब नव्हे: खिडकीच्या क्षेत्रफळाच्या १ टक्का जागा जरी उघडी राहिली, तरी काच कितीही भारी असली तरी एकूण रोध २० डेसिबलच्या पुढे फारसा जात नाही. सरकत्या खिडकीच्या ब्रशपट्टीतूनही हवा आणि आवाज येतच राहतो. मात्र फटी बुजवताना, बेळगावचा पाऊस लक्षात घेता, चौकटीतील पाणी निचरण्याची छिद्रे बुजवू देऊ नयेत.

विक्रेते ‘८० टक्के आवाज कमी’ असे सांगतात, त्याला काही अर्थ नाही. १० डेसिबलची घट झाली की आवाज कानाला साधारण निम्मा वाटतो, म्हणून खिडकी किती डेसिबल आवाज अडवते ते सांगणारे प्रयोगशाळेतील ‘आरडब्ल्यू’ मूल्य लेखी मागावे आणि त्यासोबत शहरी वाहतुकीसाठीची ‘सीटीआर’ दुरुस्तीही विचारावी, कारण ती खालच्या स्वरांतील उणीव उघड करते. खिडकी मिटल्यावर हवा कोठून येणार हेही आधी ठरवावे. आम्ही परसाकडची झडप रात्री उघडी ठेवतो.